ओट्यावरचं प्राग

1977 सालच्या उन्हाळ्यात खापरखेड्याच्या कॉलनीत, आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर आम्ही प्राग शहराचा नकाशा काढला होता. शाळेतून आणलेल्या खडूंनी. मधून व्ल्टावा नदी, तिच्यावर एक लांबलचक पूल, पुलाच्या एका टोकाला किल्ला आणि दुसऱ्या टोकाला घड्याळाचा चौक. नदीला निळा खडू, किल्ल्याला तांबडा, बाकी सगळं पांढरं. आम्ही कोणीच ते शहर पाहिलेलं नव्हतं. कॉलनीतलं कोणी तोवर विमानातही बसलेलं नव्हतं. तरी पूल कुठे संपतो आणि चौक कुठे सुरू होतो यावरून रोज रात्री जेवणं झाल्यावर मोठी माणसं तासतासभर वाद घालत, आणि आम्ही मुलं हातात खडू घेऊन निकालाची वाट पाहत बसत असू.

निमित्त होतं एका काकांचं. बाबांचे ते कॉलेजातले मित्र, हैदराबादला भेलच्या टर्बाइनच्या कारखान्यात होते. तो कारखाना चेकोस्लोव्हाकियाच्या मदतीनं उभा राहिला होता, त्रिचीचा बॉयलरचा कारखानाही तसाच. त्यामुळे वीजकेंद्रात काम करणाऱ्या घरांमध्ये ‘स्कोडा’ हे नाव मोटारीचं म्हणून कोणाला माहीत नव्हतं, टर्बाइनचं म्हणून माहीत होतं. काकांना पिल्सेनला तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी पाठवणार होते. पिल्सेनहून प्राग शंभरेक किलोमीटर. सुट्टीचे बाकीचे दिवस गटाबरोबर ठरलेले होते, पण एक रविवार त्यांचा स्वतःचा असणार होता. त्या एका रविवारी प्राग कसं पाहायचं, याचा आराखडा करायचं काम त्यांनी बाबांना पत्र लिहून सोपवलं. बाबांनी ते सगळ्या कॉलनीला सोपवलं.

यंदा सप्टेंबरमध्ये मी आणि हे प्रागला निघालो आहोत. तीन दिवस. मुलगी म्यूनिकला असते, तिच्याकडे पंधरा दिवस राहायचं आणि मधले तीन दिवस प्रागला जाऊन यायचं. म्यूनिकहून सुटणारी गाडी पिल्सेनवरूनच प्रागला जाते, हे तिकीट काढताना कळलं तेव्हा मी थोडा वेळ काही बोललेच नाही. मुलीनं सगळा बेत एका संध्याकाळी केला. मी इथे खापरखेड्यात कुकरच्या शिट्ट्या मोजत होते आणि फोनवर एकामागून एक निरोप येत होते: हॉटेल झालं, गाडी झाली, ट्रामचे बहात्तर तासांचे पास तिथेच घेऊ. भाजी शिजायच्या आत प्राग ठरलं होतं. नकाशावर तिनं अठरा लाल खुणा करून पाठवल्या. प्रत्येक खुणेवर बोट ठेवलं की फोटो, उघडण्याची वेळ, गर्दी कधी असते, आत जायला किती वेळ लागतो, सगळं येतं. ज्यूंच्या वस्तीतली संग्रहालयं शनिवारी बंद असतात म्हणून ती तिनं शुक्रवारी टाकली. चुकायला जागाच ठेवली नाही.

आम्हाला 1977 मध्ये जे काही माहीत होतं ते रेडिओमुळे. रेडिओ बाळगायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे, तो काढून बाबांनी एक मोठा रेडिओ घेतला होता. संध्याकाळी बी शिफ्टला माणसं गेली की कॉलनी शांत होई, आणि बाबा शॉर्टवेव्हच्या पट्ट्यावर काटा सरकवत बसत. रेडिओ प्राग इंग्रजीतून ऐकू येई. खरखरीतून एक बाई अगदी सावकाश बोलत. त्या केंद्राला कार्यक्रम कसा ऐकू आला ते लिहून कळवलं की ते चित्राचं कार्ड पाठवत. कळवायची रीत ठरलेली होती. आवाज किती जोरात आहे, दुसऱ्या स्टेशनची मिसळ किती, खरखर किती, आवाज किती वरखाली होतो आणि एकंदर ऐकू कसं येतं, यांना पाचपैकी गुण द्यायचे. बाबा गुण सांगत, मी लिही. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून पत्र माझ्या हातचं, सही बाबांची. मग ते निळसर हवाई पत्र तीन घड्या घालून, कडांना जीभ लावून बंद करायचं आणि विसरून जायचं. विसरणं जमत नसे ही गोष्ट वेगळी.

दीड-दोन महिन्यांनी कार्ड येई. पोस्टमन आमच्या दाराशी सायकल उभी करून ते आधी स्वतः उलटसुलट बघे, मग देई. कार्डावर पुलावरचे पुतळे, नाहीतर घड्याळ, नाहीतर बर्फातली छपरं. कधी जाड पाकीट आलंच तर त्यावरचं तिकीट वाटीभर पाण्यात भिजवून सोडवायचं आणि वहीच्या पानावर उताणं वाळत घालायचं. त्या देशाची तिकिटं इतकी बारीक कोरलेली असत की बाबा भिंगातून बघत. नागपूरकरांना टपालाचं अप्रूप जुनंच आहे. 1949 साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली चार विमानं मध्यरात्री आपल्या सोनेगावला उतरत, थैल्यांची अदलाबदल करत आणि आपापल्या गावी परत जात. आमची कार्डं येऊ लागली तोवर ती सेवा बंद झाली होती. पण कार्ड हातात घेतलं की बाबा ती गोष्ट सांगतच, जणू आमचं कार्डही त्या मध्यरात्री सोनेगावच्या धावपट्टीवर हात बदलून आलं आहे.

आता मी त्या पुलावरून रोज चालते. फोनमध्ये बोट सरकवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चार्ल्स पूल, पायाभरणी 1357, लांबी 516 मीटर, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे. पुलाखालून नदी कोणत्या दिशेला वाहते तेही दिसतं, आणि त्यावरूनच परवा मला समजलं की ओट्यावरचा आमचा किल्ला चुकीच्या तीरावर होता. तो डाव्या तीरावर आहे, आम्ही उजव्या तीरावर काढला होता. आमच्याकडे मोजकी कार्डं होती, आता फोटो मोजता येत नाहीत. तेव्हा एकेक चित्र महिनोन् महिने पुरे, आता हॉटेलच्या न्हाणीघराचेही चौदा फोटो पाहून झाले. या माहितीला मी नावं ठेवणार नाही. माझे गुडघे दुखतात, किल्ल्याकडे चढण आहे, आणि 22 नंबरची ट्राम वरपर्यंत सोडते हे मला आज, इथे बसून कळतं, ही लहान गोष्ट नाही. पण पुलाचं शेवटचं टोक मी तिथे पोचण्याआधी पाहून बसले आहे, हेही खरं.

ओट्यावरच्या त्या बैठकीत कोण कोण असे! बॉयलरवर काम करणारे एक जण, ज्यांना शाळेच्या अ‍ॅटलसमधलं युरोप तोंडपाठ होतं. सिल्लेवाड्याच्या खाणीतले एक सर्व्हेअर, त्यांनीच नकाशाला प्रमाण हवं म्हणून हट्ट धरला आणि आमच्या फूटपट्ट्या मोडल्या. शाळेतले मास्तर दर शनिवारी नागपूरला जात, ते सीताबर्डीच्या वाचनालयातून पुस्तकं आणत. ‘अपूर्वाई’ येऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती आणि कॉलनीतली त्याची एकुलती प्रत पानं सुटून दोऱ्यानं शिवलेली होती. विलायतेला जाणाऱ्या माणसानं काय काय करावं याचे दाखले त्यातूनच निघत. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड आदल्याच वर्षी निघाला होता, पण तो ‘अ’चा आणि ‘आ’च्या सुरुवातीचा. मास्तर म्हणाले, “‘प’ येईपर्यंत काका रिटायर होतील.” मग जे मिळेल त्यावर भागवायचं. कोणाच्या मेव्हण्याला लंडनमध्ये थंडी वाजली होती, त्यावरून प्रागची थंडी ठरे. कोणाच्या साहेबानं जर्मनीत रेल्वेचं तिकीट हरवलं होतं, म्हणून काकांनी तिकीट बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचं हे ठरे. आराखड्यात वेळ मिनिटांवर लिहिली होती. सकाळी नऊ ते साडेनऊ घड्याळ. साडेनऊ ते साडेदहा पूल. तो कागद माझ्याच हातचा होता.

या बैठकीची आठवण मी अनेकदा सांगितली आहे, आणि सांगताना एक गोष्ट दरवेळी गाळली आहे. ओट्यावर बाई कोणी नसे. मी होते ती अक्षरामुळे आणि वयामुळे. आई, शेजारच्या काकू, मास्तरांच्या घरच्या, सगळ्या आत. त्या चहा पाठवत, कप परत नेत. काकांबरोबर द्यायचा चिवडा किती दिवस टिकेल एवढाच प्रश्न त्यांच्याकडे आला. आम्ही “सगळी कॉलनी” म्हणतो तेव्हा अर्धी कॉलनी आत चुलीपाशी होती. शिवाय ओट्यावर बसायलाही क्वार्टरचा दर्जा बघितला जाई. रोजंदारीवर राख उपसणारे, कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करणारे त्याच रस्त्यानं जात, थांबून नकाशाकडे बघत आणि पुढे जात. त्यांना कोणी “बसा” म्हटल्याचं मला आठवत नाही. तो ओटा जसाच्या तसा परत आणून दिला तर मला नको आहे.

पण आईचं एक सांगायला हवं. ती रोज पहाटे ओटा धुवायची. कॉलनीत ते करावंच लागे, रात्रभरात धुराड्यांची राख बसलेली असे, दोरीवरचे कपडेही झटकून मगच घडी करायचे. पहिल्या दिवशी तिनं नकाशाही धुतला. आम्ही रडलो. दुसऱ्या दिवसापासून ती नकाशाच्या कडेकडेनं फडकं फिरवू लागली. महिनाभर ओट्याचा तेवढा तुकडा राखेनं करडा होत गेला आणि रेषा पुसट झाल्या की आम्ही गिरवत राहिलो. एका सकाळी फडकं पिळता पिळता तिनं मला विचारलं, “इतकं मोठं गाव आहे तर बायका पाणी कुठून भरत असतील गं?” आमच्या नळाला तेव्हा सकाळी तासभर पाणी येई. मी तिचा प्रश्न रात्री ओट्यावर मांडला. मोठी माणसं हसली. आराखड्यात तो आला नाही.

आताचा आराखडा आम्हाला सरकारदरबारी द्यावा लागला. शेंगेन व्हिसाच्या अर्जाबरोबर दिवसवार कार्यक्रम जोडायचा असतो. कोणत्या दिवशी कोणत्या गावी, कोणत्या हॉटेलात. बँकेची खाती, विम्याचा कागद, तोही निदान 30,000 युरोचा. बोटांचे ठसे द्यायला मुंबईची खेप. रात्रीच्या गाडीनं गेलो, दुपारपर्यंत ठसे देऊन झाले आणि संध्याकाळी पुन्हा गाडीत. तिथल्या रांगेत माझ्या वयाच्या कितीतरी बायका होत्या, एकट्या आलेल्या, फाइल मांडीवर धरून. लातूरच्या एक जणी होत्या, मुलाकडे निघालेल्या. त्यांनी स्वतःचा अर्ज स्वतः भरला होता आणि माझा एक चुकलेला रकाना दाखवून दिला. 1977 मध्ये ही रांग नव्हती, कारण अशा बायका जात नव्हत्या. सत्तरच्या दशकात स्वतःच्या खर्चानं परदेशी निघालेल्या माणसाला बरोबर जेमतेम आठ डॉलर नेता येत, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. 2004 साली रिझर्व्ह बँकेनं मर्यादा मोकळी केली तेव्हा ती वर्षाला 25,000 डॉलर झाली, आज अडीच लाख आहे. आपलं दार आतून किती घट्ट लावलेलं होतं ते या आकड्यांवरून समजतं. त्या बंद दाराच्या फटीतून दिसलेलं प्राग इतकं सुंदर दिसलं, यात फटीचा वाटा किती आणि प्रागचा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक मात्र गेलं. पासपोर्टवरचा शिक्का. काकांनी परत आल्यावर सगळ्यांत आधी पासपोर्ट दाखवला होता, आणि कॉलनीभर तो हातोहात फिरून संध्याकाळी परत आला होता. शिक्क्यावरची तारीख वाचता यावी म्हणून मास्तरांनी चष्मा बदलला होता. युरोपात 12 ऑक्टोबर 2025 पासून शिक्क्याऐवजी चेहऱ्याची आणि बोटांची नोंद यंत्रात करायला सुरुवात झाली. आमच्या पासपोर्टावर हॉटेलपासून विम्यापर्यंत सगळ्याच्या जोरावर मिळवलेला व्हिसा आहे, पण आपण पोचल्याची खूण त्यावर उमटणार नाही.

काका निघाले तेव्हा ते मुंबईला जाताना एक दिवस आमच्याकडे थांबले. त्यांची सूटकेस कॉलनीतल्या एका घरची, मफलर दुसऱ्या घरचा, कॅमेरा सर्व्हेअरांचा. त्यात छत्तीस फोटोंचा एकच रोल, आणि त्यातला कोणता फोटो कशाचा काढायचा तेही कागदावर लिहिलेलं. आईनं दशम्या दिल्या, काकूंनी मेतकूट. नागपूर स्टेशनावर त्यांना सोडायला अकरा माणसं गेली होती आणि परतीची शेवटची बस चुकल्यामुळे सगळी रात्रभर फलाटावर बसली. एका माणसाच्या एका रविवारासाठी अकरा माणसांची रात्र! आमच्याजवळ यंदा तिन्ही बॅगा स्वतःच्या आहेत, चाकांच्या. नागपूरहून दोह्याला थेट विमान जातं, तिथून म्यूनिक. पहाटे टॅक्सी दाराशी येईल आणि कॉलनी झोपलेली असेल. आम्ही कोणाकडून काही मागितलेलं नाही, त्यामुळे कोणाला फारसं माहीतही नाही. मागणं हे तेव्हा गरिबीमुळे होतं, यात शंका नाही. पण मफलर दिलेल्या घराला तो मफलर प्रागमध्ये कसा दिसला ते विचारायचा हक्क होता.

आता त्या रविवाराबद्दल. काका डिसेंबरात परत आले आणि आमच्या ओट्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. तास भरला की घड्याळाशेजारचा सांगाडा घंटेची दोरी ओढतो, वरच्या दोन खिडक्या उघडतात, बारा संत एकामागून एक येऊन जातात आणि शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो. त्यांनी कोंबड्याचा आवाज काढून दाखवला. रोलमधले फोटो मात्र बहुतेक काळे आले, थंडीमुळे असं झालं म्हणाले. आम्ही ते सगळं पाठ केलं. मी शिक्षिका झाल्यावर वर्गात कितीदा ते घड्याळ सांगितलं असेल! पुढे 1998 साली बाबा गेले. तेराव्याला काका आले होते. संध्याकाळी माणसं पांगल्यावर त्याच ओट्यावर बसून, मी काही विचारलं नसताना, ते म्हणाले, “बाई, मी ते घड्याळ पाहिलंच नव्हतं.” त्या रविवारी प्रागमध्ये बर्फाळ पाऊस होता. त्यांच्या अंगात ताप होता, भाषा कळत नव्हती, खायला उकडलेल्या बटाट्यांपलीकडे काही मिळत नव्हतं. परतीची गाडी चुकली तर काय, या धास्तीनं ते दिवसभर मोठ्या स्टेशनावर बसून राहिले. घड्याळाचं वर्णन त्यांनी स्टेशनावर घेतलेल्या एका पुस्तिकेतून जुळवलं होतं. “तुम्ही सगळ्यांनी इतकं मांडून दिलं होतं,” ते म्हणाले, “मी काय तोंड घेऊन सांगणार होतो?” आमच्या प्रेमानं त्या माणसाला एकवीस वर्षं एक खोटं वाहायला लावलं. मी लिहिलेला तो मिनिटांचा कागद त्या दिवशी त्यांच्या खिशात होता, आणि त्यावर “ताप आला तर काय करावं” असं कुठे नव्हतं.

रेडिओवरच्या त्या बाईंनीही आम्हाला बरंच सांगितलं नव्हतं. 1968 च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा मोठी झटापट झाली ती त्याच रेडिओच्या इमारतीसमोर, माणसं मेली. आम्ही नकाशा काढला त्याच 1977 च्या जानेवारीत वाक्लाव हावेल आणि त्यांच्या सोबत्यांनी माणसाचे हक्क मागणारी सनद काढली होती. तिचे एक प्रवक्ते, तत्त्वज्ञ यान पातोच्का, पोलिसांच्या लांबलेल्या चौकशांनंतर त्या मार्चमध्ये गेले. त्याच मार्चमध्ये आपल्याकडची आणीबाणी उठली होती आणि ओट्यावर तिच्याबद्दल रात्र रात्र बोलणं चाले. ज्या शहराबद्दल आम्ही एवढे हळवे होतो त्या शहरातही माणसं तेच मागत आहेत, हे आम्हाला कळलं असतं तर नकाशा वेगळा निघाला असता. आमच्याकडे चित्रं होती, बातमी नव्हती. 1989 साली खापरखेड्याचा 210 मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रागचा वेन्सेस्लास चौक माणसांनी भरून राजवट बदलली. ते मी वर्तमानपत्रात वाचलं. रेडिओ प्रागचं शॉर्टवेव्ह प्रसारण 2011 च्या सुरुवातीला थांबलं. बाबांचा रेडिओ माळ्यावर आहे.

काकांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र खरी होती. “तिथे आपल्यासारखाच कोळशाचा वास येतो,” ते म्हणाले होते, “इमारती काळ्या आहेत, सगळ्या.” तेव्हा ते कोणाला आवडलं नाही, कारण कार्डांवर सगळं सोनेरी होतं. आज मी वाचते तेव्हा समजतं की त्या काळी तिथली घरं तपकिरी कोळशावर तापत आणि हिवाळाभर धूर शहरावर बसून राही. आता इमारती धुऊन घासून लख्ख केल्या आहेत. खापरखेड्यात पुढे पाच संच झाले, एकूण 1340 मेगावॅट. वीज बोर्डाची 2005 मध्ये महानिर्मिती झाली. छोट्या लाईनीची छिंदवाड्याची गाडी 2015 मध्ये गेली आणि मोठी लाईन आली. ओटा मी अजूनही रोज पुसते. प्रागला राख पुसता आली, आपल्यालाही यावी असं मला मनापासून वाटतं.

मुलीच्या अठरा खुणांमध्ये मी गेल्या आठवड्यात एकोणिसावी घातली. घड्याळाच्या मोठ्या चौकालगत एक लहान चौक आहे. तिथे पाणी भरायची एक जुनी जागा आहे, भोवती 1560 सालची लोखंडी नक्षीची जाळी आणि वर सोनेरी सिंह. लोक घड्याळाकडून पुलाकडे जाताना तिच्या शेजारून जातात. मुलीनं विचारलं, “आई, इथे काय आहे? याला कोणी तारे दिलेले नाहीत.” मी म्हटलं, आजीनं विचारलं होतं. दुसऱ्या दिवसाची दुपार तिथे जायला मोकळी ठेवली आहे.

एवढंच हवं आहे: खापरखेड्यात, चनकापुरात, कोराडीला किंवा सावनेरला कोणी प्रागला जाऊन आलं असेल, तर घरी या. फोनवर दुवा पाठवू नका. काय पाहिलं ते सांगा आणि काय पाहायचं राहून गेलं तेही सांगा, ते सांगायला संकोच करू नका. बायकांनी तर जरूर यावं. आम्ही सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघतो आहोत. तोवर संध्याकाळी सहानंतर आम्ही ओट्यावरच बसलेलो असतो.